मंत्रिमहोदय, गड आणि देऊळ एकाच डोंगरावर आहेत

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : एका दिवसाची सहल आणि तिचे पाच मालक

स. न. वि. वि.

आमच्या घरात सहल आखायचं काम माझ्याकडे आहे. कुणी सोपवलं म्हणून नाही, दुसरं कुणी घेत नाही म्हणून. गाडीत सात माणसं. सासूबाईंना जेजुरी हवी. भाच्याला किल्ला हवा, आणि तो ‘खरा’ हवा, म्हणजे चढताना धाप लागेल असा. आत्यांचे गुडघे गेलेत. दिरांना दोनच्या आत जेवण लागतं, नाहीतर सगळ्या इतिहासावरच त्यांचा राग निघतो. या सगळ्यांना रविवारी सकाळी घेऊन निघायचं आणि रात्री जेवायला घरी आणायचं, एवढंच माझं उद्दिष्ट असतं.

पुण्याहून दिवे घाट चढून पुरंदर तालुक्यात उतरलं की अशा सहलीला लागणारं सगळं हाताशी आहे. घाटाच्या राखणीला असलेला मल्हारगड पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० या काळात बांधला. महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधलेला किल्ला म्हणून त्याची ओळख आहे. गड छोटा, तासाभरात फिरून होतो, आणि वर खंडोबा नि महादेव अशी दोन देवळं आहेत. सासवडला सोपानदेवांची समाधी, कऱ्हेकाठी संगमेश्वर. नारायणपूरला दत्ताच्या दर्शनाला रांग लागलेली असते, पण शेजारचं यादवकालीन नारायणेश्वर बघायला मात्र फारसं कुणी थांबत नाही. मग पुरंदर. मुरारबाजी पडला तो गड, १४ मे १६५७ रोजी संभाजीराजे जन्मले तो गड. जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांशी तह झाला आणि तेवीस किल्ले द्यावे लागले, हे भाच्याला पाठ आहे. ती बोलणी गडावर झाली नाहीत, मिर्झाराजांच्या छावणीत झाली, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. गडाच्या माथ्यावर केदारेश्वर. शेवटी जेजुरी.

सोलापूर रस्त्याच्या बाजूने आलात तर आधी भुलेश्वर लागतं. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही, आणि मग काळ्या दगडातलं कोरीवकाम हळूहळू पुढे येतं. स्त्रीरूपातला गणपतीही तिथे पाहायला मिळतो. पण ज्या टेकडीवर हे देऊळ आहे तोच दौलतमंगळ किल्ला, आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने बांधलेला. देवदर्शनाला आलेला माणूस किल्ल्यावर उभा असतो आणि बहुतेकदा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

मला सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. मल्हारगडावर खंडोबा, पुरंदरच्या माथ्यावर महादेव, भुलेश्वराभोवती किल्ला. जेजुरीला तर तटबंदीच्या आतल्या देवाला जाताना माणसं ‘गडावर निघालो’ असंच म्हणतात. बांधणाऱ्यांनी गड आणि देव कधी वेगळे केले नाहीत. ते वेगळे केलेत तुमच्या खात्यांनी. मी एका दिवसात चार ठिकाणं बघते, तेव्हा मला निदान पाच मालकांच्या दारातून जावं लागतं. पुरंदरवर लष्कर आहे; ओळखपत्र लागतं आणि दिवस मावळायच्या आत खाली यावं लागतं. कुठे केंद्राचं पुरातत्त्व, कुठे राज्याचं. देवळाचा कारभार देवस्थानच्या विश्वस्तांकडे. वाटेत वनखातं. गाडीतळाची पावती ग्रामपंचायतीची, आणि रस्ता खणून ठेवलेला असेल तर तो आणखी कुणाचा. प्रत्येकाची वेळ वेगळी, नियम वेगळे, आणि एकाला दुसऱ्याचं काही ठाऊक नाही.

सहल आखताना अंतराची भीती नसते. सासवड-जेजुरी अंतर ते कितीसं! भीती असते ती घड्याळाची. गड सकाळी चढावा, कारण दुपारी कातळ तापतो आणि संध्याकाळी दार बंद होतं. पण सकाळी गडावर गेलो तर देवळात पोचायला दुपार होते, आणि कितीतरी देवळांत नैवेद्याच्या वेळी गाभारा बंद असतो. म्हणून दुपारच्या वेळेला असं देऊळ लावायचं जिथे मूर्तीइतकंच बाहेरचं शिल्प बघण्यासारखं आहे. म्हणून मी भुलेश्वर दुपारीच ठेवते, बाहेर ऊन आणि आत गारवा. जेजुरी रविवारी टाळावी, खंडोबाचा वार. पण आम्हाला सुट्टी रविवारीच असते, म्हणून मग ती अगदी पहाटे किंवा सर्वांत शेवटी. सोमवती अमावस्येला देवाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, चंपाषष्ठीला यात्रा असते. त्या दिवशी जायचं तर फक्त जेजुरीसाठीच जावं, बाकी काही मनात आणू नये. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी दिवे घाट चढते, तेव्हा त्या घाटात गाडी घालणं हा अपराधच समजावा.

हे सगळं मला कुठल्या सरकारी पानावरून कळलेलं नाही. फसत फसत कळलं आहे. फोनवरचा नकाशा चाळीस मिनिटं सांगतो. तो रांग सांगत नाही, गाडी लावायला लागणारा वेळ सांगत नाही, ‘आज प्रवेश बंद’ तर कधीच सांगत नाही. मागे पावसाळ्यात एका किल्ल्याच्या (नाव घेत नाही, तिथल्या चौकीदाराचा काही दोष नव्हता) अगदी पायथ्याशी पोचल्यावर कळलं की दोन दिवसांपूर्वीच बंदीचा आदेश निघाला आहे. आदेश योग्यच असेल, निसरड्या वाटेवर गर्दी कुणालाच नको. पण तो होता कुठे? दारावर चिकटवलेल्या, पावसाने शाई उतरलेल्या एका कागदावर. आमच्यासारख्या वीसेक गाड्या तिथून उलट्या वळत होत्या. भाच्याने परतीच्या वाटेवर कुणाशी एक शब्द काढला नाही.

दुसरी गोष्ट पुरुष अधिकाऱ्यांच्या बैठकीत निघत नसावी, म्हणून इथे लिहिते. आमच्या सहलीचा मार्ग शिखरं आणि कळस ठरवत नाहीत, स्वच्छतागृहं ठरवतात. सकाळी घरातून निघताना बायका चहा अर्धाच घेतात. पाण्याची बाटली असते, पण ती मुलांसाठी. ‘पुढे सोय आहे का’ हा प्रश्न प्रत्येक थांब्यावर दबक्या आवाजात विचारला जातो, आणि सोय असली तरी तिच्या दाराला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे, तर जो आज आलेला नाही त्याच्याकडे. आत्या गेल्या खेपेला गाडीतून उतरल्याच नाहीत. आम्हाला वाटलं गुडघे दुखताहेत. गुडघे हे निमित्त होतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यातले अकरा आपल्या राज्यातले आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. अभिमान आम्हालाही आहे. धास्तीही आहे, की आता पैसा, फलक आणि माणसं त्या अकरांकडेच जातील. पुरंदर त्या यादीत नाही. मल्हारगड तर लांबची गोष्ट. एका दिवसाची सहल करणारं कुटुंब यादी बघून निघत नाही, ते घरापासून दोन तासांत काय आहे हे बघून निघतं.

मला रोपवे नको आहे. गडाच्या वाटेवर सिमेंटचे ठोकळे तर मुळीच नकोत. पावसात त्यावरून माणूस दगडापेक्षा लवकर घसरतो, हवं तर आत्यांना विचारा. जेजुरीच्या पायऱ्या म्हणायला ‘नवलाख’, पण सासूबाई दर दहा पायऱ्यांवर थांबून, भंडारा कपाळाला लावून वर जातात, आणि त्यात त्यांना मजा येते. ती राहू द्या.

मला हवा आहे तो प्रत्येक तालुक्याचा एक वेळफलक. या तालुक्यातले गड, देवळं, लेणी. कोण किती वाजता उघडतं, किती वाजता बंद होतं, कुठे ओळखपत्र लागतं, कुठे फोटो चालत नाहीत, कोणत्या तिथीला रस्ता वळवलेला असतो, स्वच्छतागृह कुठे आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे. हा फलक गडाच्या दाराशी लावू नका. तिथे वाचून उपयोग काय, माणूस पोचलेलाच असतो. तो घाटाच्या पायथ्याशी लावा, जिथून अजून बेत बदलता येतो. तेच सगळं फोनवर मराठीत दिसू द्या, आणि बंदीचा आदेश ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी तिथे चढू द्या.

‘लष्कर केंद्राचं, देवस्थान विश्वस्तांचं, पुरातत्त्व माझ्या खात्यात येत नाही,’ असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. खरंच आहे ते. पण कुणाची जागा ताब्यात घ्या असं मी म्हणत नाही, त्यांची वेळ विचारून एका फळ्यावर लिहा एवढंच म्हणते. हे काम एक लिपिक, एक फोन आणि आठवडाभराचा वेळ यांत होतं. मी स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्ट्या मोजत करते.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा निघणार आहोत. या वेळी भुलेश्वर, मल्हारगड आणि जेजुरी एवढंच. पुरंदर वेगळ्या दिवशी, फक्त भाच्यासाठी. दिवे घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून मी खिडकीतून बघेन, फलक लागलाय का.

आपली,
सात जणांची सहल आखणारी एक गृहिणी