हातमोजे पाठवतोय

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू पोतं आणि प्लास्टरच्या फळीचा फोटो पाठवलास. आई फळी बघत होती, मी कडेला आलेली तुझी बोटं. सोलवटलीत. विचारलं तर "सिमेंट कालवलं, बाकी काही नाही" म्हणालीस आणि नानांच्या गुडघ्याचं विचारत बसलीस. म्हणून हे पत्र.

ओलं सिमेंट लगेच झोंबत नाही, तिथंच माणूस फसतो. काम करताना काही वाटत नाही आणि रात्री कातडी पेटते. माझा अंगठा रेशनच्या यंत्रावर उठत नाही, तुला माहीत आहे. रेषाच राहिल्या नाहीत, आईलाच जावं लागतं. माझं काय, माझं काम होत आलं. तुझं आता सुरू होतंय.

फळी फार चांगली झालीय. पोत्याचे धागे प्लास्टरमधून वर आलेत, मध्ये संगमरवराची खरखरीत चुरी, आणि एका कोपऱ्यात चुना घोटून नुसता गुळगुळीत सोडलास. तो कोपरा आबांचा. चुन्यात गुळाचं पाणी, हिरडा, बारीक कापलेला ताग घालून ते गिलावा करायचे. भिंत लोण्यासारखी लागायची हाताला. तू दुसरीत असशील. डोळे मिटून गल्लीतल्या भिंतींवरून हात फिरवत जायचीस आणि सांगायचीस, ही आण्णांची, ही नाही. माझा रंधा कुठं थांबलाय ते तुझ्या बोटांना कळायचं. साईटवर सगळ्यांना मी ते सांगत फिरायचो. अजून सांगतो.

त्याच बोटांचं म्हणतोय मी. मोजे घातले की पोत कळत नाही, हे तुझं म्हणणं मला पटतं. आम्हीही कुणी घातले नाहीत. पण ओल्या मालाचा पोत खरा नसतो गं, तो सुकताना येतो. कालवताना, थापताना रबरी मोजे घाल. घट्ट झालं, पाणी मारून झालं, वाळलं, की मग हवा तेवढा हात फिरव. आणि साचा घ्यायचा म्हणून अख्खा हात पीओपीत घालू नकोस. ते घट्ट होताना तापतं, थर जाड असला तर भाजण्याइतकं, आणि तोवर हात आत अडकलेला असतो. माझ्या कवळीचं माप घेताना दातांच्या डॉक्टरांनी आल्जिनेटची पावडर कालवली होती, ती गरम होत नाही. हाताच्या साच्याला तीच आण. दगड घासताना तोंडाला ओढणी नको, धुळीचा मास्क लाव.

झालं, पुन्हा उपदेश. रागावू नकोस. तिथले सर मला कळतं त्यापेक्षा जास्त जाणतात.

दिवाळीत तू त्या चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींचं सांगत होतीस. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी गेली, तरी कागद कापून चित्रं करत राहिले, 1972 साली शांतिनिकेतनात टाइलचं भित्तिचित्र केलं. त्यांची मुलगी मृणालिनी तुमच्या बडोद्यातच शिकली आणि दोरखंडाला गाठी मारत तिनं माणसाएवढ्या मूर्ती उभ्या केल्या. आई डोळे पुसत ऐकत होती. माझ्या मनात एकच येत होतं, डोळे गेले तरी त्या माणसाची बोटं शाबूत होती.

बघ, फिरून तिथंच आलो.

दाजी शुक्रवारी सुरतेला निघालेत, तिथून त्यांचा मुलगा डबा आणून देईल. चिवडा वर आहे, मोजे खाली. रात्री झोपताना हाताला खोबरेल लाव, पण जिथं कातडी फाटलीय तिथं नको. तिथं पाणी सुटलं असेल तर आजच डॉक्टरकडे जा, रविवारची वाट बघू नकोस. पैसे टाकलेत. मोजे मोठे झाले तर कळव, लहान मापाचे घेऊन पाठवतो.

तुझे,
आण्णा