त्या पावतीला विमा का नाही? केंद्रीय सहकारमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय सहकारमंत्री,
सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका. निवृत्तीच्या पैशांतले सहा लाख मी तालुक्याच्या गावातल्या एका मल्टीस्टेटमध्ये, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या, केंद्राच्या कायद्याखाली नोंदलेल्या सहकारी पतसंस्थेत, ठेवले. बँका सात टक्के देत असताना ही संस्था साडेबारा टक्के कशातून देते, हे आयुष्यभर गणित शिकवूनही मी विचारलं नाही. शाखेचं शटर खाली आलं त्याला दोन वर्षं झाली.

पण मला पेन्शन आहे. हे पत्र लिहायला लावलं ते आमच्या गल्लीतल्या ऊसतोड करणाऱ्या जोडप्यानं. सहा महिने परमुलखात कोयता चालवायचा, मुकादमाची उचल फेडायची आणि उरेल ते पोरीच्या लग्नासाठी त्याच संस्थेत टाकायचं. असे दोन लाख दहा हजार साठले होते. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत. मागच्या महिन्यात ती पावती घेऊन त्यातली बायको माझ्याकडे आली. "बाई, ही बँकच हाय ना? मग सरकार पैसे का देईना?"

साहेब, ती बँक नव्हती. काउंटर, पासबुक, रोज दुकानोदुकानी फिरणारा पिग्मीवाला, सगळं बँकेसारखं होतं. फक्त विमा नव्हता. बँकेतल्या, अगदी नागरी सहकारी बँकेतल्याही ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. रिझर्व्ह बँकेनं निर्बंध लावले तर साधारण ९० दिवसांत ती रक्कम द्यावी, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. समोरच्या नागरी बँकेत पैसे असते आणि ती बुडाली असती, तरी या बाईला पै न् पै मिळाली असती. रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे एवढा फरक आहे, हे तिला कुणी सांगितलं?

आता मूळ दुखण्याकडे येते. ठेव आणली की एजंटाला कमिशन मिळतं. जमलेला पैसा संचालकांच्याच धंद्यात कर्ज म्हणून गेला, तर धंदा चालल्यावर नफा त्यांचा आणि बुडाल्यावर खड्डा ठेवीदारांचा. ज्याला स्वतःचं काही गमवायचं नाही, तो जपून कशाला वागेल? म्हणून तर नागरी बँकांना संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केली आहे, आणि अगदी लहान बँका वगळता बाकीच्यांना, आजारपण वेळीच ओळखून लगाम घालण्याची चौकटही १ एप्रिल २०२५ पासून लागू केली आहे. मल्टीस्टेटचा निबंधक मात्र दिल्लीत. इथल्या सहकार खात्यात गेलं की "आमच्या हातात नाही" एवढंच ऐकायला मिळतं.

मल्टीस्टेटच्या कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत आपण सहकार लोकपाल आणला, नफ्यातल्या संस्थांच्या वर्गणीतून पुनर्वसन निधीही ठेवला. त्याबद्दल आभार. पण तो निधी आजारी संस्थेला उभं करण्यासाठी आहे, या बाईच्या पावतीची हमी त्यात नाही.

ती हमी द्या. बँका विम्यासाठी शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैशांपर्यंत हप्ता भरतात, आणि जोखमीप्रमाणे हप्ता ठरवण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. तीच रीत मल्टीस्टेटला लावा. जी संस्था जुगार खेळेल तिचा हप्ता वाढेल आणि संचालकांना पहिल्याच वर्षी झळ लागेल. संचालकांची कर्जं बंद करा. संस्था बुडालीच, तर आधी त्यांची मालमत्ता विका आणि लिलावाला मुदत घाला. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली जप्ती होते, पण विक्रीपर्यंत माणसं थकून जातात.

आणि हे सगळं होईपर्यंत निदान प्रत्येक पावतीवर ठळक मराठीत छापायला लावा: या ठेवीला विमा नाही.

दसऱ्यानंतर ते जोडपं पुन्हा कारखान्यावर जाईल. त्याआधी तिला काय सांगू, ते कळवावं.

आपली,
एक ठेवीदार, जि. बीड