पहिल्या बेसवरच्या पोट्ट्यासाठी

काका, नमस्कार.

त्या रविवारी रेशीमबागेच्या मैदानावर बेसबॉलच्या सामन्यात तुम्ही शेजारी येऊन बसलात, तेव्हा मी अंपायरच्या नावानं बोटं मोडत होते. आमचं पोरगं पिचर, म्हणजे चेंडू फेकणारं. त्यानं एकाच डावात दोनदा बॉक केला, म्हणजे बेसवर रनर असताना फेकण्यात नियमबाह्य हालचाल केली, आणि रनर फुकटात तिसऱ्या बेसवर पोचला. चेंडू तर सरळ बॅटरसमोरच्या प्लेटवरून गेला होता, मग शिक्षा कशाची? तुम्ही म्हणालात, "ताई, पोट्टं फेकते चांगलं, पण थांबतच नाही ना बाप्पा!" नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत.

सामना संपल्यावर तुम्ही स्वतःची चप्पल काढून मातीत ठेवलीत. हे रबर, म्हणजे पिचर जिला पाय टेकवून फेकतो ती पट्टी. बॅटरकडे तोंड, उजवा पाय रबरला टेकलेला, डावा मोकळा, फेकायची हालचाल सुरू केली की सलग फेकायचं, हा वाइंडअप. डावा पाय रबरच्या पुढे, चेंडू दोन्ही हातांत शरीरासमोर, ही सेट पोझिशन. बेसवर रनर असेल तर इथं पूर्ण थांबायचं. हात खाली येताना जरा रेंगाळले, ते थांबणं नव्हे. पोरानं तीनदा करून दाखवलं, तुम्ही तीनदा मान हलवलीत.

मग जे सांगितलंत ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. हे थांबणं बॅटरसाठी नाहीच, पहिल्या बेसवर लीड घेऊन, म्हणजे बेसपासून थोडं पुढे सरकून, उभ्या असलेल्या पोट्ट्यासाठी आहे. पिचर आता बॅटरकडे फेकतो की आपल्याकडे, हे ओळखायची त्याला संधी हवी. आमचा मुलगा सॉफ्टबॉलमधून आलेला. तिथं चेंडू हातातून सुटेस्तोवर रनर बेस सोडतच नाही, मग त्याला चकवायचा प्रश्नच कुठला! अमेरिकेतल्या लिटिल लीगचे व्हिडिओ पाहून तर तो आणखीच गोंधळलेला. तिथं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बॉक नसतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आणि सवय लागली कशी, तेही तुम्हीच पकडलंत. सरावाला बेसवर कोणी उभंच नसायचं. बेस रिकामे असले की थांबण्याची सक्तीही नाही आणि बॉकही नाही, त्यामुळे चूक कधी दिसलीच नाही. (मी तर महिनाभर त्याचा खांदा तपासत बसले होते.)

आता आमच्या गच्चीवर धाकटी रनर असते. ती लीड घेते, हा थांबतो, तोंडातल्या तोंडात "एक" म्हणतो. मन बदललं तर उजवा पाय आधी रबरच्या मागे काढतो, तुम्ही दाखवलंत तसा. रबरवरूनच पहिल्या बेसकडे फेकताना पाऊल तिकडे टाकायचं मात्र अजून विसरतो, मग धाकटीच "बॉक!" ओरडते.

रबर म्हणून माझीच चप्पल घेतात. तुमची त्या दिवशी मातीनं भरली होती, त्याबद्दल माफी मागायची राहिली.