वेढा लढण्याआधी तो कुणाला हवा आहे ते ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कल्पित राज्ये, जादूगार आणि वीस बाजूंचे फासे घेऊन खेळले जाणारे रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन एकत्र गोष्ट रचण्याचे खेळ, आता जळगाव-धुळ्याकडची पोरेही खेळतात. सुटी लागली की नवी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टी, सुरू होतात आणि त्यात कुठेतरी एका किल्ल्याला वेढा पडतोच. सगळ्यांच्या आवडीचा हा प्रसंग बहुतेक वेळा फसतो. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, तटाची उंची ठरवतो, फौज मोजतो, एखादा ड्रॅगन आणतो. वेढा घालणाऱ्याला हा किल्ला कशासाठी हवा आणि याच वर्षी का हवा, एवढे मात्र ठरवायचे राहून जाते. मग दोन सेशन (बैठका) तटावर बाण मारण्यात जातात आणि खेळाडू कंटाळतात. हे टाळता येते. त्यासाठी लागणारे नमुने आपल्या खानदेशच्या इतिहासात तयार आहेत, म्हणून हे पत्र.

हा खेळप्रकार मुळात राजकारणातूनच उगवला. १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातल्या एका जर्मन गावावर युद्धखेळ मांडला आणि फौजांच्या सेनापतींबरोबरच गावातल्या मातब्बरांच्या भूमिकाही खेळाडूंना वाटल्या. प्रत्येकाचा हेतू वेगळा. लढाई बाजूलाच राहिली आणि लोक कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी सौदे करू लागले. आजच्या खेळांचे मूळ तिथे सांगतात.

आता अशीरगड घ्या. आज तो मध्य प्रदेशात असला तरी खानदेशवर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा तो कणा होता. १६०० साली अकबराने बुऱ्हाणपूर न लढता घेतले आणि अशीरगडाला वेढा दिला. किल्ला पडला जानेवारी १६०१ मध्ये. मधल्या महिन्यांत काय काय गुंतले होते ते पाहा. सातपुड्यातून दख्खनेत उतरणारी वाट या किल्ल्याच्या नजरेखाली, म्हणजे अहमदनगरकडे गुंतलेल्या मोगल फौजेची पाठ त्याच्या हाती. किल्ल्याचा धनी, फारुकी सुलतान बहादूरशहा; त्याचा बाप राजा अलीखान १५९७ मध्ये गोदाकाठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढता लढता पडला, आणि तो फितला असे समजून मोगलांनीच त्याची छावणी लुटली. मुलाच्या मनात ते सलत असणार. अकबराचा मुलगा शहजादा दानियाल इकडून गेला तेव्हा बहादूरशहा त्याच्या भेटीला गेला नाही. दरबारी भाषेत हा अपमान. तिकडे उत्तरेत थोरला मुलगा सलीम बंडाला उभा, त्यामुळे अकबराला परतायची घाई. बहादूरशहा डिसेंबरात बाहेर आला, त्याला अडकवून ठेवले, तरी आतली शिबंदी लढतच राहिली. शेवटी किल्ला रोगराईने पडला असे दरबारी इतिहास सांगतो, तर जेझुइट पाद्री लाच दिल्याचे सांगतात. दोन्ही हकिकती खेळात ठेवाव्यात. विजेत्याचा बखरकार एक सांगेल, बाजारातले लोक दुसरे.

यातून गेम मास्टरने उचलायचे ते असे. प्रत्येक पक्षासाठी एक चिठ्ठी लिहा: त्याला काय हवे, कशाची भीती आहे, कोणत्या तारखेपर्यंत जमले पाहिजे, आणि कशाच्या बदल्यात तो सरकेल. चार ओळी पुरतात. पक्ष सहापेक्षा जास्त नकोत, नाहीतर खेळाडूंच्या लक्षात राहत नाहीत. वेढा घालणारा राजा, त्याचा सेनापती, किल्लेदार, किल्ल्याचा दूर बसलेला मालक, भाडोत्री फौज आणि रसद पुरवणारा. सेनापतीचा हेतू राजाच्या हेतूहून वेगळा ठेवाच. राजाला किल्ला शाबूत हवा असतो. सेनापतीला लूट हवी असते, कारण त्याच्या शिपायांचा पगार थकलेला असतो. एवढ्या एका फरकावर तीन सेशन निघतात.

तारखेची ओळ सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे मृग लागला की काळ्या मातीत तोफेची चाके रुततात आणि तापीला पूर येतो. तुमच्या कल्पित जगातही असा पावसाळा किंवा बर्फ ठेवा. मुदत नसेल तर वाटाघाटी करण्याचे कारणच कुणाला उरत नाही.

किल्लेदार आणि मालक वेगळे का ठेवायचे, ते शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला कळते. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना दिला. फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉप थाळनेरसमोर आला तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामाने गोळी चालवली. इंग्रजांच्या लेखी किल्ला त्यांचाच होता, म्हणून हा वेढा नसून बंड ठरले. आतल्या दरवाज्यात बोलणी चालू असताना गोंधळ उडाला, इंग्रज अधिकारी मारले गेले, मग शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिले. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, अशीरगडावर उलटा प्रकार: शिंद्यांचा उघड हुकूम किल्ला सोडा असा, किल्लेदार यशवंतराव लाड मात्र लढला, आणि किल्ला पडल्यावर आत शिंद्यांचे उलट आशयाचे पत्र सापडले. खेळात हे आणायला जासूद लागतो. राजधानी सहा दिवसांवर ठेवा, पत्र जायला सहा, उत्तर यायला सहा. फासा एवढ्यापुरताच टाका: वीसपैकी पाच किंवा कमी पडले तर पत्र शत्रूच्या हाती लागते. किल्ला शरण जातो की नाही यावर फासा कधीही टाकू नका. तो टाकला की महिनाभर रचलेले हेतू एका आकड्यात वाया जातात.

राजकारण पोटापर्यंत नेण्यासाठी थोडा हिशेब हवा. किल्ल्यात ६०० माणसे आणि माणशी रोज ७०० ग्रॅम धान्य धरले तर दिवसाला ४२० किलो, ९० दिवसांना ३७८ क्विंटल ज्वारी-डाळ. पाणी माणशी ५ लिटर धरले तर रोज ३,००० लिटर. १५ मीटर लांब, ९ मीटर रुंद, २ मीटर खोल टाक्यात २,७०,००० लिटर मावते, म्हणजे कागदावर ९० दिवस. पण उघड्या टाक्यातून भर उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर पाणी वाफ होऊन जाते, त्यामुळे तेच टाके ६२ दिवसांत कोरडे पडते. घोडे असतील तर त्याच्याही आधी. घोडे मारायचे कधी, हा प्रश्न आला की सरदार आणि पायदळ यांच्यात आपोआप ठिणगी पडते.

बाहेरच्यांचेही पोट मोजा. हे बहुतेकांकडून सुटते. ५,००० माणसांना रोज ३५ क्विंटल आणि १,००० घोड्यांना ४ किलोप्रमाणे ४० क्विंटल दाणा लागतो. बैलाच्या पाठीवर क्विंटलभर गोण धरली तर रोज ७५ लादलेले बैल छावणीत पोचले पाहिजेत. सरपण, वैरण आणि बाजारबुणगे यात धरलेले नाहीत. आपल्याकडे ही रसद बंजाऱ्यांचे तांडे आणत. तांड्याचा नाईक कुणाचाच शत्रू नसतो, त्याला रस्ता आणि भाव हवा असतो. खेळाडूंना त्याच्याकडे पाठवा. तटावर चढण्यापेक्षा ती भेट जास्त चुरशीची होते.

जादूचे काय, असा प्रश्न येतोच. प्रचलित नियमांत अन्नपाणी निर्माण करणाऱ्या तिसऱ्या पातळीच्या एका मंत्राने पंधरा माणसांचे दिवसाचे भागते. पाचव्या पातळीचा पुजारी तो दिवसातून दोनदा म्हणू शकतो. असे तीन पुजारी आत असले तर रोज ९० जण जेवतील, ६०० नव्हे. मग कोणते ९०? शिपाई, किल्लेदाराचा गोतावळा की आजारी? आणि हे ठरवणार कोण, किल्लेदार की मठाचा महंत? वेढा मोडेल या भीतीने अनेक गेम मास्टर या मंत्रावर बंदी घालतात. कृपया घालू नका. त्या मंत्रामुळे किल्ल्यात दुसरी सत्ता उभी राहते आणि शत्रूच्या वकिलाला गुपचूप भेटायला एक नवा माणूस मिळतो. उडणे किंवा क्षणात आत शिरणे अशा जादूंनी तट निरुपयोगी होतो हे खरे. पण किल्ला घेणे आणि मुलुखाने तुम्हाला धनी मानणे यांत अंतर आहे. रात्री उडत जाऊन किल्लेदाराला मारले, तरी सकाळी चाळीस गावांच्या पाटलांनी सारा दिला पाहिजे.

शेवटचे सेशन तहासाठी मोकळे ठेवा. शिबंदी हत्यारांसह बाहेर पडणार की टाकून, तिचा थकलेला पगार कोण देणार, वारस कुणाच्या ताब्यात राहणार, धान्याच्या उरलेल्या कोठाराची किल्ली कुणाकडे जाणार, हे मुद्दे खेळाडूंनी स्वतः कागदावर लिहावेत आणि दोन्ही बाजूंनी सही करावी. तो कागद जपून ठेवा. त्यातले जे कलम संदिग्ध राहील, तिथून पुढची कॅम्पेन सुरू करता येते.

आपले,
कल्पित राज्यांचे खेळ चालवणारे काही जण, जळगाव व धुळे