मुलांच्या ठशांत गावचा बुरूज उमटू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिली-दुसरीच्या मुलांना घर काढायला सांगितले की मराठवाड्यातल्या बहुतेक शाळांत एकच चित्र तयार होते : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि उतरत्या छपराची झोपडी. ज्यांची घरे माळवदाची किंवा सपाट स्लॅबची आहेत, ज्यांच्या शाळेच्या वाटेवर गढीचा बुरूज उभा आहे, त्या मुलांच्या कागदावर यांतले काहीच उतरत नाही; कारण बघून काढण्याऐवजी फळ्यावरचे उतरवून घेण्याची सवय आपणच त्यांना लावली आहे. चित्रकलेचा निवृत्त शिक्षक म्हणून मला असे ठामपणे वाटते, की ही सवय मोडायला ठसेकामासारखे दुसरे साधन नाही.

ठसेकाम शाळेत होते, परंतु ते भेंडीच्या आणि बोटांच्या ठशांपाशी थांबते. त्यापुढची पायरी सोपी आहे. मुलांना आधी गावातली एखादी इमारत दाखवावी आणि तिच्यात उभ्या, आडव्या, तिरप्या व वक्र रेषा कुठे आहेत, चौकोन आणि अर्धवर्तुळ कुठे आहे, हे त्यांनाच शोधू द्यावे. मग जुन्या लग्नपत्रिकांचे किंवा खोक्यांचे पुठ्ठे त्या आकारांत कापून दुसऱ्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवावेत, वक्र रेषेसाठी सुतळी वापरावी आणि वरून फेविकॉलचा पातळ हात देऊन तो वाळू द्यावा, म्हणजे पुठ्ठा रंग शोषत नाही व एकाच ठशावरून अनेक प्रती निघतात. स्पंजाने रंग लावून, कागद ठेवून तळहाताने किंवा चमच्याच्या पाठीने दाबले की झाले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पोस्टर रंग पाहता पाहता वाळतो, म्हणून हे काम सकाळच्या तासाला घ्यावे. कापण्यासाठी बोथट टोकाची कात्री पुरते. लिनोलियम (कोरून ठसा करण्याची मऊ चादर, म्हणजेच लिनो) आणि कोरणी वरच्या वर्गांसाठी राखून ठेवावी.

यातून मूल जे शिकते ते नुसत्या चित्राने साधत नाही. ठशात डावे उजवीकडे जाते. देवगिरीच्या चित्रात डावीकडे चिकटवलेला चाँद मिनार कागदावर उजवीकडे उमटतो, तेव्हा मुले स्वतःहून पुढचा ठसा उलटा मांडू लागतात. बीबी का मकबऱ्याचा अर्धाच भाग कागदाच्या एका बाजूला छापून, रंग ओला असताना कागद मधोमध दुमडला, तर उरलेला भाग आपोआप उमटतो. मात्र तोच अर्धा ठसा शेजारी पुन्हा छापला तर इमारत जुळत नाही. सममिती म्हणजे काय, हे दुसरीच्या मुलाला इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा धडा मला माहीत नाही. मोठ्या मुलांना लिनो कोरताना वेरूळच्या कैलास लेण्याची आठवण अवश्य करून द्यावी. तिथेही कारागिरांनी वरून खाली नको तेवढा दगड काढून टाकला आणि जो उरला तेच मंदिर झाले. लिनोतही काढलेला भाग पांढरा राहतो आणि उरलेला छापला जातो.

त्यासाठी सगळ्यांनीच वेरूळ गाठावे असे नाही. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची मंदिरे, नळदुर्गाचा पाणीमहाल, मलिक अंबरच्या काळातला भडकल दरवाजा, औशाचा व उदगीरचा किल्ला, असे कितीतरी आकार आपल्या आठही जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. आणि जिथे यांतले काही नाही, तिथे वाड्याचा कोनाडा, ओटा आणि माळवदाची तुळई आहेच. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : वास्तूला कागद लावून पेन्सिल घासणे किंवा तिच्यावर रंग नेणे नको, तिथे फक्त पाहावे व रेखाटावे, छापण्याचे काम वर्गात करावे.

साहित्याचा खर्च नगण्य आहे. अडचण आहे ती शिक्षकांच्या हाताला सवय नसण्याची. प्राथमिक शाळेत चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक सहसा नसतो, आणि वर्गशिक्षकाने हे कधी केलेलेच नसते. पुढे शासनाच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेतही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन हेच विषय असल्याने छापाचित्राकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून केंद्रस्तरावरच्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत निदान एक सत्र शिक्षकांनी स्वतः ठसे तयार करून छापण्यासाठी द्यावे, आणि शैक्षणिक सहलीत प्रत्येक वास्तूपाशी मुलांना वही-पेन्सिल घेऊन अर्धा तास बसू द्यावे, अशी विभागातील सर्व जिल्हा परिषदांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, जि. परभणी