रिकामी टाकी म्हणून गॅस लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गाड्यांवर नेहमी काही ना काही येतं, नवीन मॉडेल, मायलेज, किंमत वगैरे, पण जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या जिवाला जो धोका आहे त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. विषय आहे मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीला पडलेला पोचा काढण्याचा, डेंटिंगचा.

माझी १९८६ ची बुलेट आहे, वडिलांची. काही वर्षांपूर्वी मी ती कस्टम करून घेतली, खाली बसवलेलं हँडल, एकच सीट, आणि टाकी हाताने बनवलेली, दोन जुन्या टाक्यांचा पत्रा कापून जोडलेली. म्हणजे अशी टाकी दुकानात मागून मिळणार नाही, आहे ती सांभाळायची. पावसाळ्यात स्टँड मातीत रुतला, गाडी डाव्या अंगावर कलंडली, हँडल पूर्ण वळलं आणि क्लच लिव्हरचा ब्रॅकेट टाकीत घुसला. तळहाताएवढा पोचा आणि मधोमध एक चीर पडल्यासारखी घडी. कंपनीच्या हँडलला टाकीला लागायच्या आधी स्टॉपर असतो, मी हँडल बदललं पण ते कुठपर्यंत वळतंय हे बघितलंच नाही, ज्यांनी कुणी हँडल बदललंय त्यांनी आजच दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, टाकी आणि हँडलच्या मध्ये एक बोट तरी गेलं पाहिजे, नाहीतर आज डेंट काढला तरी उद्या तिथंच परत पडणार.

टाकी घेऊन एका गॅरेजात गेलो, नाव लिहीत नाही. माझ्या आधी एका यामाहा आरएक्स मोटरसायकलची टाकी होती. पेट्रोल काढलेलं, झाकण उघडून दोन दिवस उन्हात ठेवलेली, वास पण फारसा येत नव्हता. पोचा ओढून काढायला त्यावर सळई चिकटवायची म्हणून मिस्त्रींनी वेल्डिंगचा गॅस पेटवला आणि फ्लेम पत्र्याला लागते न लागते तोच मोठा आवाज झाला, टाकी फुटबॉलसारखी फुगली, बुडाची शिवण उसवली आणि टाकी धरून बसलेल्या पोराचा हात कोपरापर्यंत भाजला. सतरा-अठरा वर्षांचा असेल. तो ओरडला पण नाही, नुसता हाताकडे बघत बसला, ते माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

मिस्त्री परत परत एकच म्हणत होते, टाकी तर रिकामी होती. अहो तीच तर गोष्ट आहे. पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि हवेत साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत वाफ असली की ती स्फोट करते. पेट्रोल असलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आत पेटायला हवाच पुरत नाही. रिकामी केली की हवा आत शिरते आणि नेमकं ते प्रमाण जमून येतं. वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे झाकण उघडं ठेवलं म्हणून ती उडून जात नाही, तळाशी बसून राहते. शिवाय शिवणीत, गंजाच्या पापुद्र्यात पेट्रोल मुरलेलं असतं ते पत्रा तापला की परत सुटतं. साबणाचं पाणी एकदा फिरवून ते जात नाही.

मी माझी टाकी उचलली आणि उद्यमनगरात एका म्हाताऱ्या पत्रेवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी आधी टाकी कडक पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तीनदा धुतली, आणि मग गॅस लावलाच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "भरल्याली टाकी परवडली, रिकामीचं भ्या वाटतंय मला. लावायचाच झाला तर पाणी भरून, पोचा वर करून, जेवढ्यास तेवढीच हवा ठेवून लावायचा."

झाकणाच्या भोकातून त्यांनी वाकवलेली, टोक गोल घासलेली सळई आत घातली. मला वाटलं आता मधला खड्डा ढकलणार, पण नाही. पोचा पडताना पत्रा खड्ड्याच्या भोवती वर उचलला जातो, ती कड आधी बाहेरून छोट्या लाकडी हातोडीने टकटक करत बसवायची आणि त्याच वेळी आतून सळईचा दाब ठेवायचा, मग मधला भाग आपोआप वर यायला लागतो. नुसतं मधून ढकललं की पत्रा ताणतो आणि ताणलेला पत्रा डबडब वाजतो, दाबला की आत सोडला की बाहेर. ट्यूबलाइटची रेघ टाकीवर पाडून बघायचे कुठं वाकतेय, आणि सुती मोजा हातात घालून डोळे मिटून हात फिरवायचे, म्हणाले डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागतं. चार तास लागले. पुट्टी लावली ती कागदासारखी, फक्त घडीच्या जागी. गॅरेजवाले खड्डा तसाच ठेवून वर बोटभर पुट्टी थापतात, बुलेटच्या थरथरीने ती सहा महिन्यात तडकते आणि पेट्रोल सांडलं की कलरसकट सुटते. शेवटी सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरून साबणाचा फेस लावून लीक बघितलं, कंप्रेसर लावू दिला नाही, टाकी फुगते म्हणाले. मग आतून सुकवून टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये टाकतात ते) टाकून घोळवली. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे जुनी टाकी ओली राहिली तर गंज धरायला वेळ लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे ज्ञान मामांसारख्या चार-दोन माणसांपाशी आहे आणि त्यांच्या हाताखाली पोरगं नाही. कळंबा रोडच्या आयटीआयने गॅरेजात काम करणाऱ्या पोरांसाठी रविवारचा एक दिवस ठेवावा, फक्त पेट्रोल टाकी, धुवायची कशी, पाणी भरायचं कसं, गॅस कधी लावायचाच नाही. खर्च काय येणार आहे त्याला? आणि आम्ही गाडी देणाऱ्यांनी पण घाई करू नये, संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणून तगादा लावला की मिस्त्री गॅसच पेटवणार.

तो पोरगा परवा दिसला, हाताला अजून पट्टी आहे आणि त्याच गॅरेजात दुसऱ्या गाडीची टाकी सोडवत होता. हे पत्र दसऱ्याच्या आत छापलंत तर बरं होईल, खंडेनवमीच्या आधीच गाड्या डेंटिंग-पेंटिंगला जास्त पडतात.

आपला एक वाचक,
कोल्हापूर