फिनिशियन म्हणजे ऋग्वेदातले पणी नव्हेत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील प्राचीन समुद्री व्यापारावरचा लेख आवडीने वाचला, मात्र त्यातील एका विधानाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ऋग्वेदातील पणी नावाचे व्यापारी पश्चिमेकडे गेले आणि तेच पुढे फिनिशियन, म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी व्यापारी, म्हणून ओळखले जाऊ लागले, असे लेखकाने ठामपणे म्हटले आहे. ही कल्पना जुनी आहे. गेल्या शतकाच्या आरंभी अविनाशचंद्र दास यांच्यासारख्या व्यासंगी अभ्यासकांनी ती मांडली होती, पण त्या काळी जी साधने हाती नव्हती ती आज आपल्याजवळ आहेत.

या मताचा सारा डोलारा ‘पणी’ आणि ‘पोएनी’ या दोन शब्दांच्या उच्चारसाम्यावर उभा आहे. त्यातला ‘पोएनी’ हा रोमन लोकांनी फिनिशियनांसाठी वापरलेला शब्द. तो ग्रीकांच्या ‘फोइनिकेस’ या जुन्या नावावरून आलेला आहे आणि त्या जुन्या रूपातील ‘क’ लक्षात घेतला की पणींशी असलेले साम्य बरेचसे विरून जाते. शिवाय ही दोन्ही नावे परक्यांनी दिलेली. फिनिशियन लोक स्वतःला आपल्या शहराच्या नावाने ओळखत. १८५५ मध्ये लेबनॉनमधील सिडोनजवळ एश्मुनाझार या राजाची काळ्या दगडाची शवपेटी सापडली. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्या झाकणावर फिनिशियन लिपीतील बावीस ओळी कोरलेल्या आहेत. आपण विधवेचा पोरका मुलगा असून अकाली हिरावले गेलो, असे तो राजा सांगतो, पेटी उघडणाऱ्याला शाप देतो आणि स्वतःला ‘सिडोनवासीयांचा राजा’ म्हणवतो. फिनिशियन हा शब्द तिथे कुठेही नाही. पुढे कित्येक शतकांनी ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनने उत्तर आफ्रिकेतील खेडुतांविषयी लिहून ठेवले आहे, की तुम्ही कोण असे विचारले तर ते प्युनिक भाषेत (तिकडच्या फिनिशियन वसाहतींच्या भाषेत) आपण ‘कनानी’, म्हणजे लेबनॉन-पॅलेस्टाइनच्या प्राचीन कनान प्रदेशाचे, असल्याचे सांगतात.

फिनिशियन लोक मूळचे पूर्वेचे, असे इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहिले आहे हे खरे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते पूर्वी ‘तांबड्या समुद्रा’च्या काठी राहत असत, आणि या नावात तो इराणचे आखात व हिंदी महासागरही धरतो. परंतु टायर या फिनिशियन शहरातील मेलकार्ट देवाच्या मंदिराला आपण भेट दिली तेव्हा शहर वसून २३०० वर्षे झाल्याचे पुजाऱ्यांनी सांगितले, हेही त्यानेच नोंदवले आहे. टायरच्या उत्खननात इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकातील वस्तीचे थर खरोखरच मिळाले आहेत.

२०१७ मध्ये सिडोन येथील सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या पाच व्यक्तींच्या अवशेषांतील डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजच्या लेबनीज लोकांचा नव्वद टक्क्यांहून अधिक वंशवारसा या कनानी लोकांशी जुळतो, असे त्यात दिसून आले. त्या कनानींच्या रक्तात स्थानिक शेतकऱ्यांचा वाटा जवळपास निम्मा होता आणि उरलेला प्राचीन इराणमधील लोकांशी नाते सांगणारा होता. म्हणजे पूर्वेकडून माणसे आली होती, पण ती फिनिशियन हे नाव जन्माला येण्याच्या कितीतरी आधी आली, स्थानिकांत मिसळली आणि त्या मिश्रणातूनच तिथला समाज घडला. पणींची टोळी जहाजे घेऊन किनाऱ्याला लागल्याचे चित्र यात कुठेही बसत नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो २०२५ मध्ये आलेला अभ्यास. त्यात चौदा स्थळांवरील सुमारे दोनशे प्राचीन व्यक्तींची तपासणी झाली. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील प्युनिक वसाहतींत पुरलेल्या लोकांत लेबनॉनच्या किनाऱ्याचा वंश अगदी नगण्य निघाला. बहुतेकांचे पूर्वज सिसिली व ग्रीसलगतच्या एजियन परिसरातील लोकांशी जुळणारे होते आणि काहींचे उत्तर आफ्रिकेतले. दूरच्या चुलतभावंडांइतके जवळचे नाते असलेल्या दोन व्यक्तींपैकी एक सिसिलीत आणि दुसरी समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुरलेली आढळली. टायर-सिडोनची भाषा, लिपी आणि देव तेवढे दूरवर पोहोचले, आणि ते आपलेसे करणारी माणसे ठिकठिकाणची होती. ‘फिनिशियन मुळात कोण’ या प्रश्नाचे उत्तर एका रक्तात शोधणेच त्यामुळे चुकीचे ठरते.

आपल्या मुलखाशी नाते शोधायचेच असेल, तर ते फिनिशियनच्या सख्ख्या बहिणीत, म्हणजे हिब्रू भाषेत आहे. घरात मराठी बोलणारे कोकणातील बेने इस्रायल ज्यू ती प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या जपत आले आहेत.

पुरवणीतील अशा लेखांची कात्रणे शाळेतील मुले प्रकल्पवहीत चिकटवतात. मी स्वतः वर्गात अशा वह्या तपासल्या आहेत. म्हणून पुढच्या रविवारी त्याच जागी या विधानाची दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा